भाईंच्या नावानंतर

दसरा उलटला की सावंतवाडीच्या आसपास भाताच्या पेंढ्याचा वास सुटतो. पुरता ओला नाही, पुरता सुकलेलाही नाही, मधलाच. बाजारात जायला म्हणून मी निघते आणि त्या वासात उगाच रेंगाळते. या दिवसांत बाकीच्यांना दिवाळी आठवते, फराळ आठवतो. मला आठवते ती रेडिओची खरखर थांबल्यावरची शांतता.

हे जरा समजावून सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि हौशी रेडिओवाली होते. म्हणजे परीक्षा द्यायची, सरकारी परवाना मिळवायचा, घरच्या घरी सेट बांधायचा, झाडावर तार चढवायची आणि लांबलांबच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. आता मुलं फोनवर गट करून दिवसभर बोलत असतात. आमचाही तसाच गट होता, फक्त तो हवेत होता आणि एका वेळी एकानेच बोलायचं अशी त्यात शिस्त होती. बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, मग पुढच्याने तोंड उघडायचं. हे असलं खूळ बाईमाणसाला कसं लागलं, असं लोक विचारत. मला लहानपणापासून चौकशाच फार. कोण आलं, कुठून आलं, पेटीत काय आहे, आवाज कशाचा. आई वैतागून म्हणायची, “तुका कित्याक गो व्हयेत ह्यो पंचायती?” घरबसल्या चारही दिशांच्या पंचायती करता येतात असं यंत्र आहे, हे कळल्यावर मी कशाला सोडते!

पावसाळ्यात मात्र आमचं काही खरं नसायचं. वीज पार कारवारकडे चमकली तरी कडकड आमच्या कानात. हस्ताचा पाऊस तर सर्वांत वाईट, समोरच्याचा अर्धा शब्द मिळायचा आणि अर्धा वाहून जायचा. मग दसऱ्यानंतर एखाद्या सकाळी सेट लावावा तर मागची खरखर गायब. सगळे आवाज शेजारच्या खोलीतून यावेत इतके स्वच्छ. खिडकीतून पेंढ्याचा वास, कानात बेळगाव, म्हापसा, कोल्हापूर. त्या सकाळची मी वर्षभर वाट बघायची.

आम्ही एकमेकांना गावाच्याच नावाने हाक मारायचो. बेळगाव म्हणजे एक कारखानदार गृहस्थ, म्हापसा म्हणजे डॉक्टर, कोल्हापूर कोण ते बरेच दिवस मला माहीतच नव्हतं. मी सावंतवाडी. गावाच्या नावाने हाक न मारण्याजोगा एकच माणूस होता, तो म्हणजे रेडीचे भाई. ते सर्वांचे भाई. सकाळी सातला तेच सुरुवात करायचे, तेच हजेरी घ्यायचे, एकेकाचं नाव पुकारून त्याने उत्तर देईपर्यंत थांबायचे. तरुणपणी त्यांनी बोटींवर वायरलेस ऑफिसर म्हणून नोकरी केलेली. निवृत्त होऊन समुद्राकाठच्या आपल्या गावी आले आणि जे काय शिकले होते ते वाटत बसले.

वाटत बसले म्हणजे काय, तर अक्षरशः वाटत बसले. माझी पहिली तार मी दोन माडांच्या मध्ये चांगली ताणून बांधली होती आणि पहिल्याच वाऱ्यात ती तुटली. दुसरीही तुटली. मी रडकुंडीला येऊन भाईंना सांगितलं. ते म्हणाले, “माड झुलतो हे तू विसरलीस. एका टोकाला कप्पी लाव. तार कप्पीवरून खाली घे आणि टोकाला दगड टांग. माड झुकला की दगड वर जाईल, माड सरळ झाला की खाली येईल. तार तशीच राहील.” मी तसं केलं. मग कितीतरी संध्याकाळी शेजारपाजारच्यांना आमच्या परसात एक दगड आपोआप वर-खाली होताना दिसे आणि ते माझ्या आईकडे काळजीने बघत.

सुटे भाग इथे कुठले मिळायला! भाई ते एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. रेडीची गाडी स्टँडला लागली की मी जाऊन बिस्किटांचा एक जुना डबा घ्यायची. आत औषधाच्या बाटलीवर गुंडाळलेली तारेची वेटोळी, बोटीवरच्या जुन्या सामानातून काढलेला एखादा व्हॉल्व्ह, कापसात नीट बसवलेला. आणि वर, केळीच्या पानात, काहीतरी खायचं. कधी फणसाची साटं, कधी खाजं. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत, त्यामुळे मीही त्यात काहीबाही घालून पाठवायची. त्या एका डब्याने सावंतवाडी आणि रेडीमध्ये किती फेऱ्या मारल्या असतील कोण जाणे. मी मात्र एकदाही रेडीला गेले नाही. “ये की घरी एकदा,” भाई म्हणायचे. “येते,” मी म्हणायची. रोज सकाळी भेट होतच होती, मग जायची घाई कुणाला?

तरी माझी चौकशी चालू होतीच, मनातल्या मनात. हा माणूस दिसतो कसा? आवाज खर्जातला, सावकाश. मी त्यांना उंच करून टाकलं होतं, शिडशिडीत, सरळ नाकाचे, पांढऱ्या दाढीचे. आणि एक कोडं मला फारच छळायचं. भाई अगदी गंभीरपणे बेळगावला एखादा पुर्जा समजावून देत असायचे आणि मध्येच कुठून तरी भलतंच बोलायचे. “आज कुळथाची पिठी असली तर बरं.” किंवा “रात्री गुडघा परत धरला होता.” किंवा “मुलाचं पत्र येऊन बरेच दिवस झाले, नाही?” आणि लगेच पुन्हा पुर्ज्यावर. आम्हाला काय करायची होती त्यांची पिठी! कोल्हापूर त्यांची थट्टा करायचं, “भाई, पिठी हिकडं पाठवून द्या की, आम्ही वाटच बघायलोय! ओव्हर.” भाई हसायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. मी विचार करून दमले. वयामुळे मन भरकटत असेल, असं म्हापशाच्या डॉक्टरांचं मत होतं. मला ते पटत नव्हतं. ज्याला प्रत्येकाच्या सेटची तब्येत तोंडपाठ आहे त्याचं मन कसलं भरकटतं?

त्या वर्षी हस्त फारच लांबला. खरखर संपते की नाही असं झालं होतं. आणि मग ती सकाळ आली, स्वच्छ. शेतात कापणी सुरू झालेली, विळ्यांचा आवाज आमच्या परसापर्यंत येत होता. सात वाजले. भाईंचा आवाज नाही. आम्ही सगळे आपापल्या जागी थांबून राहिलो. हजेरी घेणाराच नाही तर बोलायचं कुणी? शेवटी म्हापसा म्हणालं, “रेडीक वीज गेली आसतली. ओव्हर.” वीज नेहमीच जायची. आम्ही ते मान्य केलं.

त्याच संध्याकाळी मी डबा घेऊन स्टँडवर गेले. डब्यात आईने केलेले तांदळाचे लाडू होते. रेडीच्या गाडीच्या ड्रायव्हरने डबा हातात घेतला आणि घेऊन तसाच उभा राहिला.

“बाई,” तो म्हणाला, “आता ह्यो डबो कोणाक देव? भाई गेले. आज फाटफटी.”

फाटफटी म्हणजे उजाडता उजाडता. म्हणजे आम्ही सगळे कान लावून बसलो होतो तेव्हा ते गेलेलेच होते. मी डबा परत घेतला आणि स्टँडच्या बाकावर बसले. मला खूप रडू आलं आणि त्यातही एक विचित्र गोष्ट डोक्यात येत राहिली, की मी ज्यांच्यासाठी रडते आहे त्यांना मी ओळखणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच सेट लावला आणि तिघांना सांगितलं. मग कोल्हापूर म्हणालं, “कधी जायचं?” ओव्हर म्हणायला ते विसरलं.

चार दिवसांनी मी रेडीला पोचले. घर समुद्रापासून थोडं आत, खळ्यात भाताच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या. झोडणी थांबवलेली. वर माडाला कप्पी होती आणि तारेला दगड टांगलेला, वाऱ्याबरोबर हळूहळू वर-खाली होणारा. माझ्याकडच्यापेक्षा बराच मोठा. मी आधी त्याच्याकडेच बघत राहिले.

पडवीत बरीच माणसं बसली होती. सुतकाच्या घरी बसतात तशी, गप्प, जमिनीकडे बघत. दिव्याशेजारी भाईंचा फोटो होता. मी पुढे होऊन बघितला आणि मागे सरले. फोटोतला माणूस बुटका होता, गोल गालांचा, गुळगुळीत टकलाचा, मोठाल्या कानांचा. दाढीचा पत्ता नाही. एवढा मोठा आवाज यांच्यात मावत कुठे होता? मी पुन्हा बघितलं. कान मात्र मला आवडले. मग मी एका कडेला जाऊन बसले. त्या माणसांत बेळगाव कोण, म्हापसा कोण, ते आलेत का, काही कळायला मार्ग नव्हता. माझ्या शेजारी एक वयस्कर, वाकलेले गृहस्थ होते. समोर एक लहानखुरा माणूस. सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. अशा घरी बोलायचं तरी काय?

तेवढ्यात आतून पाणी आलं. शेजारच्या वाकलेल्या गृहस्थांनी तांब्या घेतला आणि म्हणाले, “थोडंच द्या की.”

मी दचकलेच. “कोल्हापूर?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “सावंतवाडी! अगं, तू एवढी पोरसवदा?”

समोरचा लहानखुरा माणूस एकदम सरळ झाला आणि त्या एवढ्याशा छातीतून म्हापशाच्या डॉक्टरांचा दणदणीत आवाज निघाला, “देवा! आनी आमी सगळे अर्धो तास ओगी बसल्यात!” दाराशी टेकून बसलेले बेळगाव तोंडावर पंचा धरून हसू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाकीची गावकरी मंडळी आमच्याकडे बघत होती. वर्षानुवर्षांची ओळख आणि एकानेही तोंड न उघडता अर्धा तास परक्यासारखं बसावं, हा वेडेपणा आमच्याचकडून व्हायचा.

भाईंचा मुलगा सुहास पुण्याहून आला होता. सभ्य, दमलेला. तो म्हणाला, “बाबांच्या सेटचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. परवाना त्यांच्या नावाचा. घरात ठेवून चालणार नाही ना?” त्याचं बरोबर होतं. परवाना भाईंबरोबर संपला होता. सेट परवानाधारकाकडेच जायला हवा होता, आणि सर्वांत जवळची परवानाधारक मी. भाईंच्या खोलीत जाऊन आम्ही सेट सोडवू लागलो. खोली स्वयंपाकघराला लागून होती आणि मध्ये नुसता एक पडदा. बेळगाव हळूच म्हणाले, “आता रोजचं कसं काय की हो. भाई नाहीत तर हजेरी कोण घेणार? काही दिवस बंदच ठेवू.” कोल्हापूरने मान हलवली. मला वाटत होतं की भाईंच्या जागी कुणी बसूच नये.

पडदा बाजूला झाला. भाईंची बायको. मी त्यांना बाहेर बघितलं नव्हतं. उंच, शिडशिडीत, सरळ नाकाच्या. मी मनात भाईंना जे रूप दिलं होतं ते जवळजवळ सगळं यांच्याकडे होतं.

“तू बोल गो कायतरी,” त्या मला म्हणाल्या.

“काकी, मी सावंतवाडीहून—”

“सावंतवाडीची बाई. तुझ्या आवशीचो दमो बरो आसा?” मग त्या बेळगावकडे वळल्या, मग कोल्हापूरकडे, मग डॉक्टरांकडे. एकेकाला दोन शब्द बोलायला लावलं आणि एकेकाला ओळखलं. बेळगावच्या मुलीचं लग्न ठरलं का, कोल्हापूरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, डॉक्टरांची म्हैस व्याली का. आम्ही चौघं खुळ्यासारखे उभे.

“तुम्ही ऐकत होता?” मी विचारलं.

“पडदो तर मधी,” त्या म्हणाल्या. “माझ्यावांगडा हे कधी धड बोलूक नाय. इतकी वर्सां बोटीर ऱ्हवान ऱ्हवान घरात बोलाची सवयच नाय ऱ्हवली. थंय बसले की मात्र बोलत. मी हंय चुलीकडे. मगे काय सांगूचा असला तर तुमका सांगीत. पिठी व्हयी, गुडघो दुखता, झिलाचा पत्र नाय. मी ऐकलंय की करून ठेवय.” मग म्हणाल्या, “माका तोंडार कधी सांगूक नाय. पण माका म्हायत, तां सगळां माकाच होता.”

मला त्या कोड्याचं उत्तर असं मिळालं. इतकी वर्षं आम्ही ज्याला भाईंचं भरकटणं म्हणत होतो तो त्यांचा संसार होता. आमच्या कानांवरून तो जात होता आणि आम्ही त्याची थट्टा करत होतो. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला होता.

“सेट न्या,” काकी म्हणाल्या. “कायद्याचा काय तां करूकच व्हया. पण तुमी सकाळी बोलतलास मा?”

त्यांनी आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं. पण भाई गेल्यावर त्या घरात भाईंचं काय उरलं होतं, तर ते आम्ही चौघं होतो, आणि आम्ही नुकतंच ते बंद करायचं ठरवत होतो.

“बोलणार,” मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं. “हजेरी मी घेईन.”

निघायची वेळ झाली. सुतकाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. आम्ही चपला घालून खळ्यात उभे राहिलो आणि निरोप कसा घ्यावा ते कुणाला कळेना. आमच्यात बोलणं संपवताना ‘त्र्याहत्तर’ म्हणायची पद्धत. त्या आकड्याचा अर्थ शुभेच्छा, जगभरचे रेडिओवाले तो म्हणतात. कोल्हापूर सवयीने बोलून गेलं, “बरं वहिनी, त्र्याहत्तर.” आणि जीभ चावून एवढंसं झालं. गावकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बायकांत कुणीतरी कुजबुजलं, “भाईंचा वय काय त्र्याहत्तर नाय होता.”

काकी पडवीच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या अगदी सहज म्हणाल्या, “त्र्याहत्तर. संबाळून जावा.”

त्या दिवशी गडबडीत लाडवांचा डबा माझ्या पिशवीतच राहिला होता. घरी येऊन बघितलं तेव्हा लाडू मऊ पडले होते. पुढच्या रविवारी मी पुन्हा रेडीला गेले. डबा नेला आणि त्याहून मोठी एक पेटीही नेली. भाईंच्या वेटोळ्यांवर बांधलेला माझा पहिला रिसीव्हर. त्याच्यावरून बोलता येत नसे, फक्त ऐकता येई, आणि नुसतं ऐकणाऱ्याला आमच्या भागात कोणी हटकत नसे. काकींच्या सांगण्यावरून तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. माडावरची तार भाईंचीच. मी बटणं दाखवू लागले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. “माका कळता. रोज बघी होतंय.”

आणि मग मी सकाळी सातला हजेरी घेऊ लागले. बेळगाव, म्हापसा, कोल्हापूर. आमच्यातलं कुणी गेलं की त्याचं नाव काही दिवस तरी शेवटी पुकारायचं आणि उत्तर यायला लागतो तेवढा वेळ गप्प राहायचं, असं भाईंनीच आम्हाला शिकवलं होतं. मी शेवटी म्हणायची, “रेडीचे भाई.” आणि थांबायची. खरखर नसलेल्या त्या दिवसांत ती शांतता फार मोठी वाटायची. कुठे तरी कोंबडा, कुठे तरी झोडणीचा धप् धप् आवाज. मग मी पुढे बोलायला लागायची.

‘काही दिवस’ किती ते कुणी ठरवलं नाही. भाताच्या गोण्या घरात गेल्या, दिवाळी झाली, थंडी पडली, मी नाव पुकारतच राहिले. डबा पुन्हा एसटीने फिरू लागला. त्यात आता पुर्जे नसायचे, फक्त वरचं खाणं असायचं.

पुढच्या शिमग्याच्या सुमाराला मी काकींकडे गेले होते. चहा झाला. माझी जित्याची खोड मला गप्प बसू देईना. मी विचारलं, “काकी, मी भाईंचं नाव घेऊन थांबते ना सकाळी, तेव्हा तुम्ही काय करता?”

मला वाटलं होतं, हात जोडत असतील. डोळे पुसत असतील. काकींनी मला जरा वेडगळ पोरीकडे बघावं तसं बघितलं.

“काय करतलंय? सांगतंय त्यांका,” त्या म्हणाल्या. “आज काय रांदलंय, झिलाचा पत्र इला, गाय कशी आसा. इतकी वर्सां ते सांगीत आणि मी ऐकलंय. आता ते गप आसत, तर मी सांगतंय.” मग कपबश्या उचलता उचलता म्हणाल्या, “पण तू गो भारी घाई करतंस. माझा अर्ध्यारच ऱ्हवता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेतली. शेवटी भाईंचं नाव घेतलं आणि थांबले. नेहमीचा वेळ झाला. मी थांबूनच राहिले. भात काय, कालवण काय, पत्रात सुहासने काय लिहिलं, गायीच्या पायाचं कसं आहे, हे सगळं सांगून व्हायला जेवढा वेळ लागेल तेवढा.

शेवटी कोल्हापूरला राहवेना. “सावंतवाडी, गप्प का? सेट बंद पडला काय? ओव्हर.”

“नाही,” मी म्हटलं. “सेट चालू आहे. तिकडचं बोलणं अजून व्हायचंय. जरा थांबा. ओव्हर.”